अप्पांचा पाय, माझी गिटार

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात लीलवा दिसायला लागला की मला कळतं, आता महिनाभर काम नाही. लीलवा म्हणजे तुरीचे कोवळे हिरवे दाणे. त्यांच्या शेजारी हिरव्या लसणाच्या जुड्या, सुरती पापडी, मातीने माखलेला जांभळा कंद. भाजीवाली मला ओळखते. 'बेन, आजे ज लई जाव' असं दरवर्षीचं वाक्य ती दरवर्षी तितक्याच गंभीरपणे म्हणते आणि मी आजच घेऊन जाते. घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. दोघींना लागतो त्याहून जास्त लीलवा मी घेते, आणि आई तो सगळा सोलते.

मी गिटार वाजवते. छंद म्हणून नाही, तेच माझं काम आहे. नवरात्रात नऊ दिवस गरब्याला, मग दिवाळीनंतर लग्नांना, आणि अधूनमधून घरी येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. डिसेंबरच्या मध्यावर कमुरता बसतो. त्या महिन्यात गुजराती घरांत लग्नं होत नाहीत. उत्तरायणपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, मंडप गुंडाळलेले, बँडवाले घरी, मीही घरी. आई याच महिन्याला धनुर्मास म्हणते आणि एखाद्या सकाळी बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी करते. एकच महिना, एकाच गावात दोन नावांनी येतो. मला तो दोन्ही नावांनी आवडतो. पण तो आला की मी या वर्षात राहत नाही. सात वर्षांपूर्वीच्या कमुरत्यात जाऊन बसते, छाणीच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, अप्पांच्या कॉटच्या पायथ्याशी.

अप्पा म्हणजे माझे वडील. भुसावळकडून तरुणपणी बडोद्याला आले, प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. माझं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. सकाळी भोंगा झाला की शंभर सायकली एकदम रस्त्याला लागत, त्यातली अप्पांची कुठली ते मला तिच्या चेनच्या आवाजावरून कळे. निवृत्तीनंतर त्यांनी छाणीला छोटं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, घेतलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागच्या बाजूने धाब्यावर जाणारा जिना. गच्चीला आम्ही बडोद्याचे मराठी लोकही धाबंच म्हणतो. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी ठेवायची सवय मात्र त्यांनी क्वार्टरबरोबर सोडली नाही. आईने दारासाठी पायपुसणं आणलं तरी ते आधी पट्टीने मोजत.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा शेवटच्या वर्षी सोडला आणि एका गरबा पार्टीत गिटार वाजवायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "तुझं तू बघ." एवढंच. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं आम्ही एकमेकांशी भाजी, गॅस सिलिंडर आणि आईचे गुडघे याच विषयांवर बोललो. ते माझ्या कार्यक्रमाला कधी आले नाहीत. मी बोलावलंही नाही. घरी सराव करताना मी दार लावून हेडफोन घाली. इलेक्ट्रिक गिटारची नुसती तार वाजली तर शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. आपली मुलगी काय वाजवते हे त्या घरात कोणाला माहीतच नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पा न्हाणीघराच्या दाराशी पडले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ. उजवा हात, उजवा पाय आणि जिभेची एक बाजू त्यांच्या ताब्यातून गेली. दवाखान्यातून दिवाळीला घरी आले ते कॉटवरच. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट लावली, कारण तिथे दुपारचं ऊन यायचं. बोलता यायचं, पण शब्द एकमेकांना चिकटत. जो माणूस आयुष्यभर कमी पण नेमकं बोलला, त्याला आपलंच बोलणं अर्धवट ऐकू येई, म्हणून त्यांनी बोलणंच सोडल्यासारखं केलं.

व्यायाम शिकवायला हेतल नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. पंचविशीची मुलगी, स्कूटरवरून यायची, चप्पल दाराशी सरळ रेषेत काढायची. हात हळूहळू सुधारेल म्हणाली. पायाचं मुख्य दुखणं वेगळं होतं. पाऊल खाली लोंबत होतं. टाच टेकवून पंजा वर उचलायचा, एवढी साधी गोष्ट होत नव्हती, आणि ती झाल्याशिवाय चालताना पाय जमिनीला अडखळणारच. तिने एक हलती फळी आणली होती, मध्ये उंचवटा असलेली, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. त्यावर पाऊल ठेवून पुढे-मागे करायचं. अप्पांनी एकदा पाऊल ठेवलं, ते हललं नाही, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. हेतल गुजरातीत समजावत राहिली, 'काका, थोडुंक वधारे', थोडंसं अजून. काका भिंतीकडेच बघत राहिले. असं तीन आठवडे.

मी त्याच वर्षी माझी जुनी पेडलं विकून टाकली होती. गिटारवाल्यांचा आवाज गिटारमधून कमी आणि पायाखालच्या डब्यांमधून जास्त येतो. एक डबा आवाज खरबरीत करतो, एक घुमवतो, एक लाटेसारखा हलवतो. असे नऊ डबे एका पत्र्याच्या पेटीत घालून मी स्कूटरवर पायाशी ठेवून हिंडायची आणि माझी पाठ गेली होती. आता ते सगळं लॅपटॉपमध्ये आलं होतं. ॲम्प्लिफायर, डबे, स्पीकरची पेटी, सगळं पडद्यावर चित्ररूपात. गिटारची वायर लॅपटॉपला जोडायची आणि पायाशी एक लांबट काळा मिडी फूट कंट्रोलर ठेवायचा. त्यावर ओळीने बटणं आणि उजव्या टोकाला पावलाएवढं एक हलतं पेडल. बटण दाबलं की पडद्यावरचा डबा बदलतो, पेडल हलवलं की आवाज कमी-जास्त होतो. आई त्याला 'तुझा तो पाट' म्हणायची, कारण तो जेवायच्या पाटासारखा जमिनीवर मांडावा लागे.

कमुरता बसला तसा मी तो पाट पुढच्या खोलीत मांडला. माझ्या खोलीत नाही आणि हेडफोन लावूनही नाही. आईला सांगितलं की अप्पांजवळ कोणीतरी असलेलं बरं. खरं कारण वेगळं होतं, ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. एक छोटा स्पीकर जोडला आणि हळू आवाजात वाजवायला बसले.

मी तेव्हा एका गोष्टीचा सराव करत होते. गिटारची तार छेडली की आधी 'टक' असा आवाज येतो, नखाचा, धातूचा, आणि मग सूर. पण पायाने आवाज पूर्ण बंद करून तार छेडली आणि मग हळूहळू आवाज उघडला, तर 'टक' ऐकूच येत नाही. सूर कुठूनतरी उगवतो, सारंगीवर गज फिरवल्यासारखा. मग पुन्हा पायाने मिटायचा, पुन्हा छेडायचं, पुन्हा उघडायचा. दिसायला सोपं, पण बोट आणि पाय यांचं जमायला महिने जातात.

अप्पांनी पहिले दोन दिवस डोळे मिटलेले ठेवले. तिसऱ्या दिवशी उघडले, पण माझ्या हातांकडे बघितलं नाही. ते माझ्या पायाकडे बघत होते. पंजा खाली, पंजा वर. पंजा खाली, पंजा वर. चौथ्या दिवशी दुपारी, आई लीलवा सोलत बसलेली असताना, त्यांनी विचारलं, "पाय काय करतो तुझा?"

मी गिटार बाजूला ठेवली आणि सांगितलं. वायरी दाखवल्या, पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर त्या पेडलचं चित्र आहे. पाय हलला की चित्रातलं पेडलही हलतं आणि शेजारी आकडा बदलतो. पंजा पूर्ण दाबला की एकशे सत्तावीस, म्हणजे आवाज पूर्ण. पंजा उचलून टाच दाबली की शून्य, म्हणजे शांत.

"शंभर का नाही?" अप्पा म्हणाले.

मला इतका आनंद झाला की उत्तर देताना मी अडखळले. हे यंत्र दोन-दोनच्या पटीत मोजतं, शून्य धरून एकशे अठ्ठावीस पायऱ्या होतात, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. कारखान्यात सुताचं, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचं, माप वापरलेल्या माणसाला विचित्र मापांचं वावडं नसतं.

"म्हणजे आवाज ह्याच्यातून येतच नाही?"

"नाही. हा फक्त निरोप पाठवतो."

ते बराच वेळ पाटाकडे बघत राहिले. मग स्वतःच्या उजव्या पावलाकडे. 

दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवी मांडी उचलली आणि पाऊल पाटाकडे सरकवायला लागले. मी पाट पुढे ओढला. आईने सुरी खाली ठेवली. पाऊल पेडलवर बसलं आणि आपल्याच वजनाने पुढे झुकलं. एकशे सत्तावीस. मी तार छेडली, सूर पूर्ण मोठा आला. मी म्हणाले, आता हा खाली आणा. अप्पांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. आकडा थरथरला. एकशे पंचवीस. पुन्हा सत्तावीस. मग एकशे एकोणीस, आणि खरंच, सूर किंचित, अगदी किंचित मिटला. तो मिटलेला फक्त आम्हा तिघांना कळला, चौथ्याला कळला नसता.

मोठा आवाज करायला त्यांना काहीच करावं लागत नव्हतं. सगळी मेहनत आवाज खाली आणायची होती. मी आता शिकवते तेव्हा मुलींना हेच सांगते. त्यांना सुरुवातीला पाय दाबायचाच असतो, सगळ्यांना मोठंच वाजायचं असतं. मी म्हणते, आधी मला शून्य करून दाखव. त्या हसतात.

हेतलने पाट पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली की तिच्या फळीचंच काम हा करतो, फक्त बोलतो जास्त. तिने दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं असं ठरवून दिलं. अप्पा सहा वेळा बसायचे. एकशे दहा. एकशे तीन. नव्याण्णव आलं त्या दिवशी त्यांनी आईकडून आरसा मागून दाढी करवून घेतली.

आणि मग शहाण्णववर गाडी थांबली. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. घाम यायचा, मांडी कापायची, आणि आकडा शहाण्णव. सातव्या दिवशी त्यांनी पाऊल डाव्या हाताने उचलून खाली ठेवलं आणि म्हणाले, "पुरे." दुपारी हेतल आली तेव्हा तोंड पुन्हा भिंतीकडे होतं.

मी त्या संध्याकाळी जे केलं ते करायला एक मिनिट लागलं. त्या प्रोग्रॅममध्ये पेडल कुठून कुठपर्यंत मोजायचं हे ठरवता येतं. लहान पायाच्या माणसाला सोयीचं व्हावं म्हणून ती सोय आहे. मी शहाण्णवला शून्य म्हणायला सांगितलं.

सकाळी अप्पांना म्हणाले, एकदाच करून बघा. त्यांनी केलं. आकडा सरसर उतरला आणि शून्यावर जाऊन बसला. आवाज बंद. मी तार छेडली, काही ऐकू आलं नाही. अप्पांनी पंजा दाबला आणि तो सूर आमच्या पुढच्या खोलीत असा उगवला की आई देवासमोरची गुळाची वाटी घेऊन आली आणि तिने अप्पांच्या तोंडात खडा घातला. ते हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले. तीन दिवस ते घर सणासारखं होतं. हेतलने मात्र पडद्याकडे न बघता त्यांच्या पावलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि वहीत लिहीत राहिली.

चौथ्या दिवशी मी बाजारातून परत आले तर अप्पा खुर्चीत बसले होते, पाय जमिनीवर, मांडीवर ती सहा इंची पट्टी. आई स्वयंपाकघरात गेली, ती मुद्दाम गेली हे तिच्या पाठीवरून कळत होतं. मी नसताना त्यांनी आईला पाटावरचं पेडल हाताने हलवायला लावलं होतं. अगदी खालपासून वरपर्यंत, हळूहळू. पेडलचं टोक पट्टीवर थोडंसं उचललं तोच शून्य आलं होतं आणि पुढे पाऊणएक इंच पेडल उचललं जात असताना शून्यच राहिलं होतं.

"गेज खोटं लावायचं नाही," अप्पा म्हणाले. शब्द चिकटत होते तरी मला प्रत्येक अक्षर सुटं ऐकू आलं. "गाडी त्या आकड्यावर भरवसा ठेवून सुटते."

मी म्हणाले, तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं.

"वाटलं ना. तेच वाईट."

पुढचे चार दिवस ते पाटाजवळ आले नाहीत. मी मापं पुन्हा खरी करून ठेवली होती, पण सांगायची हिंमत नव्हती. रस्त्यावर पतंगवाल्यांनी मांजा रंगवायला घेतला होता. दोन खांबांमध्ये ताणलेले गुलाबी दोरे, काचेच्या भुकटीचा आणि शिजवलेल्या खळीचा वास. लाउडस्पीकर तपासायला कोणी ना कोणी धाब्यावर चढे. सगळ्या छाणीत उत्तरायणची घाई, आणि आमच्या खोलीत तीन माणसं आणि एक बंद लॅपटॉप.

पाचव्या दिवशी दुपारी आई झोपली होती. मी कॉटच्या पायथ्याशी बसले आणि अप्पांना ते सांगितलं. की ते पडले त्या सकाळी आईने मला हाक मारली होती आणि मी ती ऐकली होती. आदल्या रात्री उशिरा वाजवून आले होते, डोळे उघडत नव्हते. वाटलं, दूध आलं असेल, आई घेईल. कूस बदलली. दुसरी हाकही ऐकली. तिसऱ्या हाकेला उठले. सगळ्यांना वाटतं की मी गाढ झोपेत होते, आईलाही तसंच वाटतं. मी तसं वाटू दिलं.

अप्पांनी विचारलं, "किती वेळ?"

"पाच मिनिटं असतील. कदाचित जास्त."

खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, जाऊ दे म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, पाच मिनिटांनी फरक पडला असता की नाही, यातलं काहीच नाही. मी रडत होते, ते त्यांनी संपू दिलं. मग डाव्या हाताने उजवी मांडी उचलली.

"आता खरा आकडा दाखव," म्हणाले.

मी पाट पुढे ओढला, लॅपटॉप उघडला. एक्क्याण्णव.

चार दिवस काहीच न करता पाच आकडे कसे उतरले, हे मी हेतलला विचारलं. ती म्हणाली, स्नायूला विश्रांती मिळाली असेल. असेलही.

त्यानंतरचे जे सात-आठ दिवस, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले सरावाचे दिवस आहेत. मी चार सुरांची एक साधी ओळ बांधली. छेडायचं मी, उघडायचं त्यांनी. सुरुवातीला आमची चुकामूक व्हायची. मी आधी, ते नंतर, किंवा ते घाईने मिटायचे आणि माझा सूर तोंडातल्या तोंडात राहायचा. मग मला कळलं की ते माझ्या बोटांकडे बघत नाहीत, खांद्याकडे बघतात. छेडायच्या आधी माझा उजवा खांदा जरासा उचलला जातो. इतकी वर्षं वाजवून मला स्वतःला ते माहीत नव्हतं. ऐंशी झाले, सत्तर झाले. पण पाय शून्यापर्यंत जात नव्हता तोवर ते 'टक' थोडंसं राहायचंच. ज्या माणसाने हातोडीच्या एका ठोक्यावरून लोखंडातली चीर ओळखली, त्याच्यापासून ते लपणार नव्हतं. मी म्हणायची, आज छान आलं. ते म्हणायचे, "टक ऐकू येतं अजून."

एके दिवशी त्यांनी आईला पडद्यावर टॉवेल टाकायला सांगितला. आकडा नको, म्हणाले, आकड्याकडे बघत बसलं की ऐकायचं राहतं. त्यानंतर आम्ही आकडा क्वचितच पाहिला. मी शेवटचा पाहिला तो एकोणीस होता. शून्य कधीच आलं नाही. ते पुढे चार वर्षं जगले, काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत आणि चांगल्या दिवशी देवळापर्यंत जात, उजवा पाय थोडा ओढत. मग एका उन्हाळ्यात न्यूमोनियाने गेले. हाताला ताकद यावी म्हणून हेतलने त्यांना लीलवा सोलायला बसवलं होतं, ते काम त्यांनी शेवटच्या हिवाळ्यापर्यंत केलं, आणि एकही दाणा वाटीबाहेर पडू दिला नाही. तेवढ्या चार वर्षांत ते माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत हेही खरं आहे. गर्दीत उभं राहवत नसे. मी बोलावलं मात्र प्रत्येक वेळी.

त्याच हिवाळ्यात उत्तरायणला सकाळी त्यांनी सांगितलं की धाब्यावर यायचंय. सतरा पायऱ्या. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता, खोलीतल्या खोलीत काठी घेऊन चार पावलं टाकत, तेवढंच. आई नको म्हणाली, मग म्हणाली की हेतलला विचारा, पण त्या दिवशी बडोद्यात कोण कोणाचा फोन उचलतं? चढताना चांगला पाय आधी ठेवायचा, असं हेतलने शिकवलं होतं. जिन्याला कठडा एकाच बाजूला, चढताना उजवीकडे, म्हणजे त्यांच्या निकामी हाताच्या बाजूला. मी डावीकडून धरलं, आई मागे. मध्ये दोनदा थांबलो. वर पोचायला किती वेळ लागला कोण जाणे, पण खाली असताना ऐकू येत असलेलं समोरच्या धाब्यावरचं गाणं बदलून तिसरं लागलं होतं.

वर आभाळभर पतंग. प्रत्येक धाब्यावर स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं, कोणाचा पतंग कापला की आरडाओरडा. अप्पांना खुर्चीत बसवलं, डोक्याला आईने मफलर बांधला. मी त्यांची काठी, गिटार, लॅपटॉप, पाट, स्पीकर सगळं एकेक करून वर आणलं. ते त्यांनीच सांगितलं होतं. पण त्या गोंगाटात वाजवण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही उन्हात बसून चिक्की खाल्ली.

दुपारी एकच्या सुमाराला वारा पडला. दरवर्षी पडतो. पतंग उतरले, माणसं उंधियू-जिलबी खायला खाली गेली, एकेक स्पीकर बंद झाला. आईही ताटं करायला खाली उतरली. अचानक इतकी शांतता झाली की तारेवर अडकलेल्या पतंगाचा कागद फडफडतो तेही ऐकू यायला लागलं. अप्पांनी पाऊल पाटावर ठेवलं. माझा खांदा उचलला गेला असणार, कारण त्यांनी बरोबर उघडलं.

आम्ही ती चार सुरांची ओळ वाजवली. मग पुन्हा, थोडी वाढवून. सूर एकेक करून धाब्यावर उगवत होते आणि मिटत होते. समोरच्या धाब्यावर एक आजी एकट्या राहिल्या होत्या, त्यांनी आमच्याकडे बघून मान डोलावली आणि पुन्हा गुंतलेला दोरा सोडवायला लागल्या. 'टक' मला ऐकू आलं नाही. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, आलं, पण चालेल.

मग त्यांनी पाऊल काढून घेतलं.

"आता तुझा पाय ठेव," म्हणाले. "मी खाली जातो."

मी गिटार काढायला लागले. त्यांनी हात उचलून थांबवलं. उतरताना कठडा डावीकडे येतो, चांगल्या हाताकडे, म्हणाले, मी चढतानाच बघून ठेवलंय. आणि उतरताना दुखरा पाय आधी.

"तू वाजवत राहा. मागे बघू नको."

मला नाही म्हणता आलं नाही. मी जिन्याकडे पाठ करून बसले आणि पाऊल पेडलवर ठेवलं. रबर त्यांच्या मोज्याने कोमट झालं होतं. मी तार छेडली, सूर उघडला, आणि मिटला.

मिटला तेव्हा मागून आवाज आला. त्यांनी काठी उजव्या मनगटाला अडकवली असणार, ती भिंतीवर आपटली. एक पायरी.

मी पुन्हा छेडलं, उघडलं, आणि या वेळी लवकर मिटलं. काठी. आणखी एक. मी असंच वाजवत गेले. सूर छोटे होत गेले आणि त्यांच्यामधली जागा मोठी. पाय इतक्या वेळा, इतक्या नीट शून्यावर मी आयुष्यात आणला नव्हता. आठवी पायरी, नववी. एकदा मिटलं आणि मागे काहीच ऐकू आलं नाही. मान वळायला लागली होती. मी ती वळू दिली नाही. पुढचा सूर छेडला, पूर्ण उघडला, तो संपेपर्यंत वाट पाहिली, आणि मिटला.

खालून आईचा आवाज आला. "अहो, कुणी धरून आणलं तुम्हाला?"

आणि त्यानंतर, थोडा वेळ घेऊन, चिकटलेल्या शब्दांतून नीट सोडवून काढलेला अप्पांचा एक शब्द.

"कुणी नाही."